केओशाच्या नावावरचा गॅस

शुक्रवारी सकाळपासून लेम मामा गॅरेजमध्ये मासे तळत होता आणि व्हर्डेल त्याच्या पाठीशी उभी राहून चुका काढत होती. तेल फार तापलंय, पीठ नीट लागलेलं नाही, एवढे मोठे तुकडे केलेस तर दुपारच्या आत मासा संपेल. साठ वर्षांत लेमनं या मोठ्या बहिणीचं कधी ऐकलं नव्हतं. आजच ऐकायला सुरुवात करावी असं त्याला वाटत नव्हतं.

"तू तुझ्या कोबीचं बघ गं," तो म्हणाला. "मासा माझ्याकडे आहे."

"मासा तुझ्याकडे आणि गॅरेज माझं. पेटलं म्हणजे काय करू?"

"पेटलं तर विम्याचे पैसे घे. तसंही हे गॅरेज पेटल्याशिवाय याचे कुणी पैसे देणार नाही."

रांगेतले लोक हसले. रांग गॅरेजपासून फाटकापर्यंत गेली होती. मार्च महिना, साठलेला बर्फ रस्त्याच्या कडेला काळा पडलेला, आणि ईस्टरच्या आधीचे उपासाचे, मांस बंद पण मासा चालणारे शुक्रवार असल्यामुळे नदीपलीकडचे कॅथलिक लोकसुद्धा माशासाठी सॅगिनॉ शहराच्या आमच्या बाजूला आले होते. एका ताटात माशाचे दोन तुकडे, स्पॅगेटी, कोबीची कोशिंबीर आणि खाली पांढऱ्या पावाच्या चकत्या. तिखट सॉसची बाटली मांडलेलीच असायची. आमच्याकडे कुणाचं छप्पर गळायला लागलं, कुणाला अंत्यविधीला कमी पडलं, कुणाचा मुलगा जामिनाअभावी आत राहिला, की घरचे मासे तळायला घेतात. त्याला मदत म्हणायचं नाही. ताट घ्यायचं, पैसे ठेवायचे, मासा फक्कड झालाय म्हणायचं आणि घरी जायचं.

या वेळचे मासे लेमच्या भाचीच्या, केओशाच्या घरासाठी होते. घर म्हणजे अगदी लहान. दोन खोल्या, पुढे अंगण, आणि मुख्य म्हणजे दाराला पायरी नाही. मालक मिस्टर ऑक्ली म्हातारे होते. एप्रिल संपेपर्यंत दुसऱ्या कुणाला घर दाखवणार नाही, असा त्यांनी शब्द दिला होता. बँक कर्ज द्यायला तयार होत आली होती. पदरचे घालायचे सुरुवातीचे पैसे तेवढे कमी पडत होते. चोवीस वर्षांच्या मुलीला घर कशाला हवं, असं कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. घर तिच्या आईसाठी होतं.

आई, म्हणजे लेम आणि व्हर्डेलची बहीण लुव्हेनिया, गॅरेजच्या तोंडाशी चाकांच्या खुर्चीत बसून भरलेल्या ताटांना चंदेरी कागद गुंडाळत होती. डिसेंबरात साखरेच्या आजारापायी तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. तेव्हापासून ती वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात अडकून पडली होती. तिला खाली आणायचं तर लेम आणि केओशाचा धाकटा भाऊ जेरेल स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची घेऊन वर जायचे, तिला त्यात बसवायचे आणि जिन्यावरून उचलून उतरवायचे. हे डॉक्टरकडे जायचं असेल तेव्हाच होई. आज डॉक्टर नसताना ती पहिल्यांदा खाली आली होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारत होती.

"काय गं मिस टालीफेरो, अजून एक ताट घेऊन जा की! कुत्र्याला घाल!"

व्हर्डेलनं कोबीत चमचा फिरवता फिरवता बहिणीकडे पाहिलं. तिला माया आली आणि त्याच्याबरोबर रागही आला. गेली दोन वर्षं लुव्हेनियाकडे पाहिलं की असंच व्हायचं. व्हर्डेलचं बोलणं अलीकडे तुटक का झालंय, हे लुव्हेनियाला कळत नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात आपण तिच्या रताळ्याच्या गोडाला नावं ठेवली म्हणून असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. व्हर्डेलनं ती समजूत तशीच राहू दिली.

खरं कारण केओशाला आणि तिला, दोघींनाच माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी केओशा गाडीच्या कर्जासाठी गेली आणि तिथल्या माणसानं तिची पत तपासून संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला. त्यात काही पाप तिचं स्वतःचं होतं. एकोणिसाव्या वर्षी तिनं झगमगीत गाडी घेतली, हप्ते थकवले, आणि शेवटी एका सकाळी ती गाडी दारातून नेली गेली. ते तिनं नाकारलं नाही. पण त्याच्याशिवाय एक जुनं येणं होतं, वसुलीवाल्यांकडे गेलेलं. घराला ऊब देणाऱ्या गॅसच्या कंपनीचं. पत्ता होता त्यांच्या जुन्या घराचा, आणि तिच्या नावावर ही जोडणी घेतली गेली तेव्हा केओशा सतरा वर्षांची होती.

त्या दिवशी ती व्हर्डेल मावशीच्या गाडीत बसून खूप रडली. व्हर्डेल म्हणाली, पोलिसात जा. केओशा म्हणाली, मावशी, शपथ घे, आईनं माझं नाव वापरलं हे मला कळलंय, असं तिला कधी सांगणार नाहीस. व्हर्डेलनं शपथ घेतली, आणि घेतल्याक्षणी तिला तिचा पश्चात्ताप झाला.

*

केओशा चार वाजता आली. शाळेची बस डेपोत लावून तशीच, चालकाचं पिवळं जाकीट अंगावर.

"आलीस का? हात धू आणि पाव मांड," व्हर्डेल म्हणाली.

"मावशी, मी सकाळी पाचपासून उठलेय."

"मग तुला सवय आहे. मांड."

केओशा हसली. दोन वर्षांनी आज पहिल्यांदाच तिला वाटत होतं की हे जमेल. चर्चच्या तळघरात दर मंगळवारी बसणाऱ्या मिस पॅरिश लोकांना बुडालेली पत कशी वर काढायची ते शिकवायच्या. त्यांनी जे सांगितलं ते केओशानं मुकाट्यानं केलं होतं. आपलेच पैसे बँकेत ठेवून त्यावर कार्ड घेतलं. त्या कार्डावर फक्त पेट्रोल भरलं, आणि तारखेच्या आधी फेडलं. नवा फोन नाही, नवे बूट नाहीत, नखं रंगवायला जाणं नाही. मैत्रिणी तिला म्हातारी म्हणायला लागल्या. पत मोजणारा आकडा मुंगीच्या पावलानं चढत गेला.

गॅसच्या थकबाकीबद्दल मिस पॅरिशनी दोनच वाटा सांगितल्या होत्या. एक, आईविरुद्ध पोलिसात तक्रार कर, म्हणजे ते तुझ्या नावावरून पुसलं जाईल. दुसरी वाट, काहीही करू नकोस. "जुनं येणं सहा वर्षांनी कोर्टात मागता येत नाही, बाळा. तुझं जूनमध्ये मरतंय. तोवर फोन आला तर ठेवून दे. एक सेंटसुद्धा भरू नकोस. एक हप्ता भरलास, तर ती सहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून." बँकेचा माणूसही तेच म्हणाला होता. जुनं, निपचित पडलेलं येणं चालेल, कोर्टातला दावा चालणार नाही. केओशानं दुसरी वाट धरली होती.

रांगेत एक माणूस उभा होता. पातळ जाकीट, थंडीनं लाल झालेले कान. आपली पाळी येईपर्यंत तो शांत थांबला, दोन ताटं मागितली, सॉस जास्त घाला म्हणाला, पैसे ठेवले. मग त्यानं लुव्हेनियाला विचारलं, "केओशा पेटवे इथंच असतात का?"

"ही काय समोर!" लुव्हेनियानं कौतुकानं बोट दाखवलं. "माझी मुलगी. घर घेतेय ती, ठाऊक आहे का तुम्हाला? स्वतःचं!"

माणूस क्षणभर ओशाळला. त्यानं खिशातून पाकीट काढून केओशाच्या हातात ठेवलं. "माफ करा, मॅडम. तुमच्यावर दावा दाखल झालाय. मासा मात्र छान दिसतोय." एवढं बोलून तो ताटं सांभाळत फाटकाबाहेर गेला.

केओशाच्या हाताला पिठाचा चिकटा होता. पाकीट फोडताना तो कागदाला लागला. तिनं पहिलं पान वाचलं आणि काही न बोलता घरात गेली. व्हर्डेल तिच्यामागे गेली. जाताना तिनं लेमला सांगितलं, "रांग थांबवू नकोस," आणि लेमला तेव्हाच कळलं की काहीतरी वाईट झालंय, कारण आज पहिल्यांदाच ती त्याची चूक न काढता बोलली होती.

स्वयंपाकघरात केओशानं कागद टेबलावर ठेवला. "गॅसचं आहे, मावशी. त्यांनी कोर्टात घातलंय."

"पण ते तर मेलेलं होतं."

"मरत होतं. हे बघ, काय लिहिलंय. शेवटचा भरणा, डिसेंबर. ऑक्टोबरपासून तीनदा भरलंय. मनीऑर्डरनं. खाली माझी सही आहे असं म्हणतात."

"तू भरलेस?"

"मी भरीन का?"

दोघींच्या मनात एकच नाव आलं. जेरेल. तो बर्फातून ताटं गाड्यांपर्यंत पोचवत होता. त्याला आत बोलावलं. केओशानं सरळ विचारलं, "तू माझ्या नावानं कुणाला पैसे पाठवलेस का?"

"मी?" जेरेलनं टोपी काढली. "ताई, माझा फोन गेल्या आठवड्यात बंद पडलाय. मला पैसे पाठवता आले असते तर मी आधी मलाच पाठवले असते."

दार ढकलल्याचा आवाज झाला. लुव्हेनियानं खुर्ची उंबऱ्यापर्यंत आणली होती, पुढे चाक अडलं होतं. मांडीवर चंदेरी कागदाची गुंडाळी तशीच होती.

"मी पाठवले," ती म्हणाली.

*

वसुलीवाल्यांचा फोन सप्टेंबरात आला होता, जुन्या घराच्याच नंबरावर. लुव्हेनियानं घर बदललं होतं, नंबर बदलला नव्हता. आवाज एका मुलीचा, गोड. "मिस केओशा पेटवे आहेत का?" ती गॅसच्या जुन्या थकबाकीबद्दल बोलायला लागली. तो हिवाळा लुव्हेनियाला पुरता आठवत होता. तिच्या स्वतःच्या नावावरची जोडणी थकबाकीपायी कापली होती. जेरेल पंधरा वर्षांचा, दमेकरी, रात्रभर बसून श्वास घ्यायचा. तीन दिवस त्यांनी विजेचा ओव्हन उघडा ठेवून ऊब घेतली होती. मग तिनं गॅस कंपनीला फोन लावला आणि तिथल्या बाईनं विचारलं, घरात दुसरं कुणी मोठं माणूस आहे का? लुव्हेनिया म्हणाली, आहे, माझी मुलगी. तिनं केओशाचं वय एका वर्षानं वाढवून सांगितलं, तिचा सरकारी ओळख नंबर सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी घरात ऊब आली. उन्हाळ्यापर्यंत फेडून टाकू, असं तिनं ठरवलं होतं. उन्हाळ्यात तिची नोकरी गेली.

आणि हे काही तिनं एकटीनंच केलेलं नव्हतं. आमच्या गल्लीत निम्म्या पोरांच्या नावावर घरातले दिवे, म्हणजे विजेची जोडणी होती. पोरं चालायला लागायच्या आधी त्यांचं बिल यायला लागायचं, असं लोक गमतीनं म्हणत.

तर सप्टेंबरात ती मुलगी म्हणाली, मिस केओशा, थोडं थोडं भरलं तरी तुमचं नाव चांगलं दिसेल. आणि लुव्हेनिया म्हणाली, हो, मी केओशाच बोलतेय. चाळीस डॉलर चालतील का? तिला वाटलं, घर व्हायच्या आत आपण हा डाग पुसून टाकू. मुलीला कधी कळणारही नाही. महिन्याला एकदा ती कोपऱ्यावरच्या दुकानात जायची, मनीऑर्डर घ्यायची, आणि तिच्यावर केओशाची सही करायची. ती सही तिला छान जमत होती. शाळेच्या वहीवर, रजेच्या चिठ्ठीवर तिनंच शिकवलेली होती ती. डिसेंबरात पाय गेला आणि भरणा थांबला.

हे सगळं तिनं उंबऱ्यातूनच सांगितलं. कुणी तिची खुर्ची आत ओढली नाही.

"कोपऱ्यावरच्या दुकानात?" जेरेलनं विचारलं. "चालत? त्या पायानं?"

पायाला तेव्हा जखम होती आणि डॉक्टरनं चालायला मनाई केली होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

केओशा भिंतीला टेकली. "आई, ते जूनमध्ये संपत होतं. आपोआप. काहीच करायचं नव्हतं गं. नुसतं गप्प बसायचं होतं."

"तुला ठाऊक होतं?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं तुला ठाऊक आहे आणि तू मला बोलली नाहीस?" लुव्हेनियाचा आवाज चढला. लाज वाटली की तिचा आवाज चढायचा, ही तिची जुनी खोड. "मी तुझी आई आहे. एकदा विचारायचंस तरी! मी पाय ओढत गेले असते का मग?"

"आणि तू मला सांगितलं होतंस का? सतरा वर्षांची होते मी. तू तरी विचारायचंस!"

बाहेर लेम कुणाला तरी ओरडून सांगत होता, कॅटफिश संपला, आता व्हाइटिंग आहे, तोंड वाकडं करायचं नाही.

*

"आता एकच रस्ता उरलाय," व्हर्डेल म्हणाली. तिनं हे दोन वर्षं पोटात ठेवलं होतं. "पोलीस. आजच. हिच्या नावानं कुणीतरी जोडणी घेतली, हिची सही कुणीतरी केली, असं लिहून द्यायचं. तक्रारीचा कागद मिळाला की दावा टिकत नाही आणि नावावरचंही पुसलं जातं. मिस पॅरिशनी सांगितलंय ना तुला?"

"कुणीतरी म्हणजे कोण?" लेम दारात आला होता, हातात झारा, ॲप्रनवर तेल. "आपल्या बहिणीला पोलिसात देणार तू? घरातलं घरात ठेवायचं असतं."

"घरातलं घरात ठेवूनच हे झालंय!"

"असं का? मग तुझ्या पोराच्या, रॉनीच्या नावावर तू घेतलेला फोन कुठे ठेवला होतास? पोरगा दुसरीत होता, व्हर्डेल. वसुलीवाले शाळेत फोन करून मिस्टर रॉनीला विचारायचे. बाईंनी त्याला वर्गातून बोलावून आणलं होतं."

जेरेलला हसू आलं आणि त्यानं ते गिळलं. व्हर्डेलचा चेहरा उतरला. ती खुर्चीवर बसली. आजवर तिला कुणी बोलण्यात हरवलं नव्हतं, आणि आज हरवलं तेसुद्धा लेमनं.

"ते मी फेडलं," ती हळूच म्हणाली.

"फेडलंस. रॉनी बत्तीस वर्षांचा झाल्यावर."

जेरेल आईशेजारी जाऊन उभा राहिला. "ताई, तो गॅस माझ्यासाठी होता. दमा मला होता. तू हे माझ्यावर टाक. मी भरतो महिन्याला. आईला नको मध्ये आणू." मग त्याला काहीतरी सुचलं. खाली वाकून त्यानं आईच्या तोंडाकडे पाहिलं. "आई, माझं नाव नाही ना वापरलंस कशाला?"

लुव्हेनिया मांडीवरच्या कागदाची गुंडाळी सारखी करत राहिली.

"आई?"

"दिवे," ती म्हणाली. "एकच वर्ष. ते मी फेडलंय, देवाशपथ. बहुतेक सगळं."

जेरेल ताठ झाला. त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि मागच्या दारानं बाहेर गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं लुव्हेनियाला वाटलं.

आता तिच्या बाजूला फक्त लेम उरला होता, आणि लेम तिच्या बाजूला होता याचं तिला काही बरं वाटत नव्हतं. तो तिला वाचवत होता. कशापासून? तिच्या मुलीपासून. हे तिला एकाएकी इतकं स्वच्छ दिसलं की ती घाबरली. केओशा भिंतीला टेकून उभी होती, पिवळ्या जाकिटात, डोळे मिटून. सतरा वर्षांची असताना झोप आली की ती अशीच उभी राहायची. दोन वर्षं पोरीनं नखं रंगवली नाहीत. ते लुव्हेनियानं पाहिलं होतं, आणि मुलगी काटकसरी झाली म्हणून चारचौघींत मिरवलंही होतं.

"लेम, मला गाडीत बसव," ती म्हणाली.

"घरी जायचंय?"

"पोलीस चौकीत."

"आई, नको," केओशा म्हणाली. "दुसरं काहीतरी करू. मी कोर्टात जाते. म्हणते की सही माझीच होती. हप्ते लावून घेते. घराचं पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मिस्टर ऑक्ली घर राखून ठेवणार आहेत का?"

"नसतील ठेवणार. दुसरं मिळेल."

"तू खोटं सांगणार? माझ्यासाठी? खोटं सांगून काय होतं ते दिसतंय ना तुला?" लुव्हेनियानं डोळे पुसले. "मला तुरुंगात टाकतील का, व्हर्डेल?"

"मला नाही माहीत," व्हर्डेल म्हणाली, आणि ते खरं होतं. "बहुतेक नाही. हिनं खटला नको म्हटलं तर बहुतेक नाही. पण मी शपथेवर सांगू शकत नाही, लू."

किती वर्षांत तिनं लू म्हटलं नव्हतं. ती उठली, खुंटीवरचा आपला चांगला, चर्चला जायचा कोट काढला आणि बहिणीच्या खांद्यांवर घातला. लुव्हेनियाचे हात बाह्यांत घालताना तिनं वाकून तिच्या केसांवर गाल टेकला.

"मी येते तुझ्याबरोबर."

"तू कशाला? इथं रांग आहे. लेमच्या भरवशावर ठेवलंस तर तो फुकट वाटेल."

बाहेर गाडीचा आवाज आला. जेरेल गेला नव्हता. त्यानं गाडी मागच्या दाराशी आणून लावली होती, आणि आईकडे न बघता तिला उचलून पुढच्या जागेवर ठेवलं. तिचा पट्टा लावून दिला. केओशा चाकांची खुर्ची घडी करून मागे बसली.

*

चौकीत खिडकीपलीकडे एक तरुण अधिकारी बसला होता. तिघांच्या कपड्यांना तळणाचा वास येत होता आणि त्यानं नाक जरा मुरडलं. जेरेल दाराशीच थांबला.

"काय झालंय?"

"माझ्या मुलीचं नाव चोरलंय," लुव्हेनिया म्हणाली. खिडकी उंच होती, तिला मान वर करून बोलावं लागत होतं. "मी चोरलंय. लिहून घ्या."

अधिकारी थोडा पुढे झुकला, खुर्चीकडे आणि कोटाकडे बघितलं. "ज्यांचं नाव चोरलं त्यांनी सांगायला लागतं, मॅडम. तुम्ही सांगून चालत नाही."

"मी कबूल करतेय की!"

"तरी चालत नाही. तक्रार यांची आहे ना? मग यांनी नाव घ्यायला पाहिजे." तो केओशाकडे वळला. "कुणी केलं, ते माहीत आहे तुम्हाला?"

केओशानं तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. बसमध्ये साठ पोरांना एका हाकेत गप्प करणारी मुलगी ती. तिनं आईकडे पाहिलं. इतके दिवस तिला वाटत होतं की आपल्याला आईचा राग येतो, म्हणून हे बोलणं जड जातं. आता तिला कळलं की राग असता तर किती सोपं गेलं असतं.

"सांग," लुव्हेनिया म्हणाली. "नीट सांग. त्याला ऐकू जाईल असं."

"माझ्या आईनं," केओशा म्हणाली.

"पूर्ण नाव?"

"लुव्हेनिया पेटवे."

अधिकारी टाइप करायला लागला. कधी घडलं, कुठल्या पत्त्यावर, तुमचं वय तेव्हा किती, सह्या किती. केओशा उत्तरं देत गेली. जिथं ती अडखळली तिथं आईनं महिना सांगितला, दुकानाचं नाव सांगितलं, मुलीला एकदाही मध्ये तोडलं नाही. खटला चालवायचा आहे का, असं त्यानं विचारलं तेव्हा केओशा नाही म्हणाली. तो म्हणाला, लिहून घेतो, पण ते शेवटी सरकारी वकील ठरवतील, मी वचन देऊ शकत नाही. लुव्हेनियानं मान हलवली. हे तिला व्हर्डेलकडून कळलेलंच होतं, तरी पुन्हा ऐकताना तिनं बहिणीच्या कोटाची गळपट्टी घट्ट धरली.

"संपत आलं," अधिकारी म्हणाला. त्यानं पडद्यावरून नजर काढली नाही. "जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती तुमच्या घरात राहते का?"

"अजून नाही," केओशा म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. "म्हणजे हो का नाही? इथं दोनच पर्याय आहेत."

"नाही," केओशा म्हणाली, आणि तिथंच, खिडकीच्या फळीवर डोकं ठेवून ती रडायला लागली. लुव्हेनियाला उठून तिच्याजवळ जाता येत नव्हतं. चाक पुढे सरकवून तिनं हात लांब केला. मुलीच्या पाठीपर्यंत तो पोचला नाही, म्हणून तिनं पिवळ्या जाकिटाचं टोक पकडलं आणि ते धरून बसली.